आधी लूपर, मग सुई : ओव्हरलॉक यंत्राचा दोरा आणि त्याचे जाणकार

गेल्या वर्षी ऐन थंडीत मी साडेचार हजार रुपये मोजून एक जुने ओव्हरलॉक यंत्र घरी आणले. कपडे शिवायचे म्हणून नव्हे. माझे शिवणकाम उसवलेली शिलाई घालण्यापलीकडे कधी गेलेले नाही. सूतगिरणीच्या हिशेबखात्यात एकोणीस वर्षे काढली, तिथून बाहेर पडल्यावर इचलकरंजी परिसरातल्या लहानमोठ्या गार्मेंट युनिटांच्या नोंदी जमवण्याचा नाद लागला. या विषयातली पदवी नाही, कोणी मार्गदर्शक नाही. शब्दकोश शेजारी ठेवून जुनी अमेरिकन पेटंटे वाचत आले. त्या पेटंटांतल्या आकृत्या पाहून डोळे शिणले, पण एक गोष्ट काही केल्या उलगडेना. या यंत्रात बॉबीन नाही, शटल नाही. मग टाका खालून धरतो कोण? शेवटी ठरवले, यंत्रच समोर ठेवून पाहावे.

हे यंत्र वाचकांच्या ओळखीचे आहे, नाव कदाचित नसेल. गावोगावच्या गल्लीत ‘पिको, फॉल, इंटरलॉक’ अशी पाटी असते, त्यातले तिसरे काम करणारे ते हे यंत्र. कापडाची कड एका बाजूने पात्याने कापत जायचे आणि त्याच वेळी ती दोऱ्यांनी गुंडाळत जायचे, म्हणजे धागे सुटत नाहीत. ‘इंटरलॉक’ हे नाव आपल्याकडे रूढ झाले खरे, पण कारखान्यात त्या नावाचे यंत्र वेगळे असते. कडेवरून टाका घालणारे ते ओव्हरलॉक. अमेरिकेत त्यालाच सर्जर म्हणतात. त्या शब्दामागे सर्ज हे कापड आहे, तेच ते, ज्याचे कोट आपल्या आजोबांच्या पिढीने लग्नात घातले.

माझे यंत्र तीन दोऱ्यांचे, बंद पडलेल्या एका युनिटातून भंगारवाल्याकडे आलेले. त्याने ते रॉकेलने पुसून चकचकीत केले होते आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसावे म्हणून आतले सगळे दोरे कापून, उपसून टाकले होते. मला तेव्हा त्याच्या टापटिपीचे कौतुक वाटले. झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्याचा मार्ग दाखवणारी आकृती चिकटवलेली होती. तेलाने आणि बोटांनी ती इतकी पुसली गेली होती की तीन बाण आणि अर्धा गोल एवढेच शिल्लक होते. पुस्तिका अर्थातच नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी त्या यंत्रापुढे चिमटा घेऊन बसले. एक सुई आणि दोन लूपर. लूपर म्हणजे पोलादाची वाकडी बोटे, टोकाशी भोक असलेली. एक वरचा, एक खालचा. वरच्या लूपरचा दोरा घालणे त्यातल्या त्यात सोपे. खालचा मात्र यंत्राच्या पोटात डावीकडे दडून बसतो. हातचाक फिरवून तो उजवीकडे बाहेर आणायचा, दोन कड्यांमधून दोरा न्यायचा, मग चिमट्याने त्याच्या टोकाच्या भोकात घालायचा. बोट आत जात नाही, उजेड पोचत नाही, आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना ते भोक दिसते ते आठवणीतूनच. इतके करून दोरा गेला की सुई ओवायची, चिंधी पायाखाली घालायची, पायडल दाबायचे. सात-आठ टाके छान पडत आणि खालच्या लूपरचा दोरा तुटत असे. पुन्हा चिमटा. पुन्हा सात-आठ टाके. दोरा जुना असेल म्हणून नवे कोन आणले. टेन्शन सैल केले, आवळले. सुई बदलली. एकदा रागाने यंत्रावर चादर टाकली आणि चार दिवस त्याच्याकडे पाहिले नाही.

चूक कुठे होती ते एका दुपारी हातचाक अगदी सावकाश फिरवताना दिसले. सुई खाली जाऊन वर येऊ लागते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा एक लहान फास सुटतो. खालचा लूपर डावीकडून येऊन त्या फासात शिरतो. वरचा लूपर खालच्याच्या दोऱ्याचा फास उचलून कापडाच्या कडेवरून वर आणतो, आणि पुढच्या वेळी खाली येणारी सुई वरच्याच्या फासातून जाते. तिघे एकमेकांचा फास धरून ठेवतात, म्हणून बॉबीनची गरज नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. पण त्याचबरोबर हेही कळले की सुई ओवलेली असताना तिचा दोरा खालच्या लूपरभोवती आधीच अडकलेला असतो. अशा वेळी लूपरमध्ये नवा दोरा घातला तर तो फासाच्या चुकीच्या बाजूने जातो, आणि यंत्र पळू लागले की दोघे एकमेकांना कापतात. पहिल्या दिवशी मी कुठला दोरा आधी घातला होता ते आठवत नाही. नंतर मात्र दर वेळी मी फक्त तुटलेला दोरा परत घालत होते, सुईला हात न लावता. म्हणजे पहिली चूक कुठलीही असो, दुसऱ्यापासून तीच ती चूक मी इमानेइतबारे करत आले होते. सुईचा दोरा काढून टाकायचा, लूपर ओवायचे आणि सुई सगळ्यांत शेवटी. एवढेच. एकदा हे केले आणि यंत्राने वितभर चिंधी न थांबता शिवली.

आता मला वेगळाच प्रश्न पडला. एवढी साधी गोष्ट मी वाचलेल्या कागदांत मला एकदाही ठळकपणे का भेटली नव्हती?

पेटंट हे यंत्र चालते कसे ते सांगते. ते चालू कसे करायचे हे सांगणे त्याचे काम नव्हे. लूपरचे मूळ बरेच मागे जाते. बॉस्टनच्या ग्रोव्हर आणि बेकर यांनी १८५१ मध्ये दोन दोऱ्यांच्या साखळी टाक्याचे पेटंट घेतले. वरचा दोरा सुईचा, खालचा थेट रिळावरून येणारा. बॉबीन भरण्याची कटकट नाही. टाका लवचिक होता, पण जाड होता आणि दोरा फार खाई. सिंगर आणि इतरांच्या शटलच्या टाक्यापुढे तो घरगुती बाजारात टिकला नाही.

या ग्रोव्हर-बेकर यंत्राशी निगडित एक गोष्ट मला फार आवडते. व्हर्जिनियातला जेम्स गिब्ज नावाचा एक शेतकरी. त्याने या यंत्राचे छापील चित्र पाहिले. चित्रात यंत्राचा वरचा भाग तेवढा दिसत होता. टेबलाखाली काय चालते ते कळायला मार्ग नव्हता. गिब्जने खालचे यंत्र स्वतःच्या डोक्याने कल्पून काढले. ते मूळ यंत्रासारखे मुळीच नव्हते, फिरता आकडा होता, आणि एका दोऱ्यावर चालत होते. १८५७ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि विलकॉक्स अँड गिब्ज ही कंपनी त्यावर उभी राहिली. अर्धे चित्र पाहून उरलेले अर्धे जुळवणे हा माझाही धंदा असल्यामुळे असेल, पण यंत्रापुढे हताश बसलेली असताना मला गिब्जचा आधार वाटत असे. फरक इतकाच की त्याचे अर्धे चुकले तरी चालण्याजोगे निघाले.

ओव्हरलॉकचा जन्म मात्र गिरणीतला. कनेक्टिकट राज्यात मेरो घराण्याने १८३८ मध्ये बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला होता. तो स्फोटात उडाला, आणि पुढे या घराण्याने विणमालाची गिरणी चालवली. विणलेल्या कापडाची कड उसवते, हे घरी लोकरी स्वेटर उलगडलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ही कड बांधण्यासाठी मेरोंनी आपल्याच गिरणीपुरती यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि १८८९ मध्ये जोसेफ मेरो याने ओव्हरलॉक यंत्राचे पेटंट घेतले. गंमत अशी की पुढे मेरो कंपनीचा ज्या कंपनीशी कोर्टात झगडा झाला ती हीच विलकॉक्स अँड गिब्ज.

गिरणीतून आलेले यंत्र आणि घरासाठी आलेले यंत्र यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते दोरा ओवण्याच्या अज्ञानाचे मूळ तिथे आहे. सिंगरचे यंत्र ज्याला विकायचे तोच ते वापरणार होता. शिंपी असो की गृहिणी. त्यामुळे कंपनीने विकण्याबरोबर शिकवण्याची सोय केली. हप्ते बांधून दिले, दुकानांत बायका नेमून यंत्र चालवून दाखवले, पुस्तिका दिली. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी सिंगरची एजन्सी काही दशके सांभाळली. महात्मा गांधींनी १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त आलेल्या एका संभाषणात यंत्रविरोधाला जे अपवाद केले त्यात सिंगरचे यंत्र ठळक होते. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. (सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि शोधामागे धंद्याचा हिशेब होता, हे गांधीजींना कोणी सांगितले नसावे.) पण त्या यंत्राकडे घरातले म्हणून पाहिले गेले, हे खरे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात उषा यंत्र काढले, तेव्हा ते याच वाटेने घरोघर गेले. माझ्या आईला सुई-बॉबीन ओवणे एका दुपारी शेजारणीने शिकवले आणि तिने ते मला.

ओव्हरलॉक विकत घेणारा मालक आणि त्यावर बसणारी कामगार या दोन वेगळ्या व्यक्ती. मालकाला ओवायचे नव्हते, आणि बसणारीला कोणी विचारले नव्हते. दोघांच्या मध्ये मिस्त्री होता. विक्रेत्याने शिकवायचे ते त्याला शिकवले आणि विद्या तिथेच थांबली.

हे मला सुचले ते आमच्या गल्लीतल्या एका अक्कांमुळे. त्यांनी अकरा वर्षे ओव्हरलॉकवर परकर शिवले. माझे यंत्र चालू लागल्यावर मी त्यांना मोठ्या हौसेने बोलावून दाखवले. त्यांनी यंत्राकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “जुना दोरा कुनी काढला वो ताई?” भंगारवाल्याने, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “मशीन कधी मोकळं करायचं नसतंय. कोन संपाय आला की नवा दोरा जुन्याला बांधायचा आन् वडायचा.”

ओव्हरलॉकवर काम करणाऱ्यांची ही जगभरची रीत आहे. जुना दोरा कोनाजवळ कापायचा, नव्याचे टोक त्याला बारीक गाठीने जोडायचे, टेन्शन सैल करायचे, दाबाचा पाय उचलायचा आणि पुढून दोरा ओढत राहायचे. गाठ कड्यांमधून, लूपरच्या भोकांतून सरकत बाहेर येते. सुईचे भोक लहान, तिथे गाठ अडते. म्हणून ती सुईपाशी येताच कापायची आणि सुई तेवढी हाताने ओवायची. यंत्रातला दोरा हाच यंत्राचा नकाशा असतो आणि प्रत्येक नवा दोरा जुन्याच्या मागोमाग वाट काढतो. इचलकरंजीत वाढलेल्या मला हे आधीच सुचायला हवे होते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इथे पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून गाव याच तत्त्वावर चालले आहे. मागावरचा ताणा संपत आला की नव्या बीमाचे तार जुन्याच्या टोकांना एकेक करून सांधतात, म्हणजे वही आणि फणीतून हजारो तार पुन्हा ओवावे लागत नाहीत. कापडाचा प्रकार बदलला तरच वहिफणीवाल्यांना बोलावणे जाते. आमच्या घरामागेच हे काम चाले. मी ते रोज पाहिले, आणि तरी यंत्र विकत घेताना त्यात दोरा नाही याची मला खंत वाटली नाही.

“आणि दोरा मधेच तुटला तर?” मी विचारले.

“मग मिस्त्री.”

अकरा वर्षांत अक्कांनी लूपर एकदाही स्वतः ओवला नव्हता. लूपरपाशी दोरा तुटला की हात वर करायचा आणि मिस्त्री येईपर्यंत बसून राहायचे. ओवताना तो यंत्राकडे तोंड आणि बाईकडे पाठ करून उभा राहायचा. शिकवा म्हटले तर, “तू तुझं काम कर.” एरवी माणूस वाईट नव्हता, असे अक्का सांगतात; दिवाळीला सगळ्यांना फराळ आणायचा. मला त्याची बाजूही कळते. त्या युनिटात त्याला मोल होते ते त्या तीन दोऱ्यांमुळेच. शिवाय त्यालाही ती विद्या कोणी सुखासुखी दिली नसणार.

पण मजुरी नगावर होती. तीन दोऱ्यांचे ओव्हरलॉक किती दोरा खाते याचा अंदाज घरच्या यंत्रावरून येत नाही. साध्या यंत्राला एक मीटर शिलाईला साधारण २.५ मीटर दोरा लागतो. याला साधारण १४ मीटर. कारखान्यातले यंत्र मिनिटाला पाच हजारांहून अधिक टाके घालते. म्हणजे कोन सारखे संपत राहणार, आणि प्रत्येक कोन बदलताना गाठ नीट बसली नाही तर दोरा आत तुटणार. अक्कांच्या बोटांनी बांधलेली ती गाठ मी भिंगातून पाहिली. विणकरी गाठच ती, तिळाएवढीही नाही. ती त्यांना आईकडून आली होती. आई मागावर होती.

अक्कांनी त्यांची नगांची वही मला दाखवली. मालकाच्या हजेरीपुस्तकावर विश्वास नसल्यामुळे त्या रोजचा आकडा स्वतः लिहून ठेवत. पिवळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, एका ओळीला एक दिवस. ३१०. २९५. ३०५. मग एकदम १४०, आणि पुढे पेन्सिलीने ‘मिस्त्री न्हवता’. पुन्हा ३००, ३१५. मग १७५, ‘दोरा तु.’. हिशेबखात्यातल्या सवयीने मी एका वर्षाची पाने उलटून अशा ओळी मोजल्या. सव्वीस निघाल्या. त्या सव्वीस दिवसांचे अर्धेअधिक पैसे अक्कांचे बुडाले, यंत्राच्या मालकाचे नव्हे. मेरोच्या पेटंटाइतकीच ही वही या यंत्राच्या इतिहासाचे साधन आहे, असे मी मानते. माझ्याकडे तिची छायाप्रत आहे. मूळ वही अक्कांनी परत नेली, आणि नेली हेच बरे केले.

मालक आणि बसणारी पुन्हा एकच व्यक्ती झाली तेव्हा काय घडले, तेही पाहण्याजोगे आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरात मावेल असे लहान ओव्हरलॉक तयार झाले. बेबी लॉक हे त्याचे नाव, बाळच ते. पुढे अमेरिकन घरांत ही यंत्रे शिरली, आणि विकत घेणाऱ्या बायकांनी स्वतःच चिमटा हातात घेतल्यावर तक्रारींना तोटा राहिला नाही. मग घरगुती यंत्रांवर एकेका दोऱ्याच्या मार्गाला एकेक रंग आला. झाकणाच्या आत आकृती आली, तिच्यात आकडे आले : आधी हा, मग हा, सुई शेवटी. १९९० च्या दशकात याच बेबी लॉकने दोऱ्याचे टोक नळीच्या तोंडाशी ठेवून हवेच्या झोताने लूपरमधून पार करण्याची युक्ती काढली. कारखान्यातल्या बायका त्याआधी कितीतरी दशके तेच दोरे हाताळत होत्या. त्यांच्यासाठी ही सोय कोणाला सुचली नाही, कारण तुटलेल्या दोऱ्याचा वेळ कोणाच्याच जमाखर्चात चढत नव्हता. चढत होता तो पिवळ्या पुठ्ठ्याच्या वहीत.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात अक्का पुन्हा आल्या. मी एक कोन बदलायला काढला होता. त्यांना म्हटले, तुम्हीच गाठ मारा. त्या स्टुलावर बसल्या, कोनाकडे हात नेला आणि थांबल्या. मग कात्री मागितली आणि मी काही बोलायच्या आत तिन्ही दोरे कापून टाकले. मोकळे झालेले यंत्र त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. “आता सांगा, आधी कुठला?”

खालच्या लूपरला त्यांना पाऊण तास लागला. चष्मा दोनदा पुसला, चिमटा तीनदा पडला. वरचा लूपर लगेच झाला, सुई तर त्यांची हातखंडा. चिंधी घातली आणि पायडल दाबले. आठव्या टाक्याला खालचा दोरा तुटला. मी पुढे सरकले तसा त्यांनी माझा हात बाजूला सारला. “थांबा हो. सुईचा काढते आधी.”